हापकाच्या चार मिशा

मित्रांनो, कोणाच्या तोंडावरची मिशी हवी असेल तर ती मागावी, उपटू नये. एवढी साधी रीत चौतीस वर्षांच्या, मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसाला कोणी शिकवली नसेल, तर मी बोलायचे तरी कोणाला? त्या माणसाचे नाव वेंडेल फ्रीझन. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाला बसले होते, डोळे मिटले होते, आणि त्याने माझ्या डाव्या गालावरच्या तीन मिशा ओढून काढल्या. पहिली टोकाला तुटकी निघाली म्हणून दुसरी, दुसरी वाकडी वाटली म्हणून तिसरी. बाजारात वांगी निवडावीत तशी.

मी एक जुनी मांजर आहे. नाव हापका, वय चौदा, रंग धुरकट. सॅस्कटून गावापासून तासाभराच्या वाटेवर एक गव्हाचे कोठार आहे, त्याच्या फळ्यांखाली माझा जन्म झाला. डार्का प्रोकोपचुक त्या शेतावर आपल्या मामाकडे आली होती. थंडी अशी, की उभ्या गाडीच्या इंजिनालासुद्धा विजेची वायर लावून ऊब द्यावी लागत होती. डार्काने मला कोटाच्या खिशात टाकले आणि या घरात आणले. तेव्हापासून हे घर माझे आहे. डार्का त्यात राहते.

मी तीन वेळा व्याले, अकरा पिल्ले वाढवली. या गल्लीतल्या निम्म्या मांजरांची मी आजी लागते, आणि ती समोरून जाताना कान खाली करून जातात. शिक्षण म्हणाल तर तळघराच्या सातव्या पायरीपर्यंत. त्या पायरीवर बसले की खालचे सगळे दिसते आणि बोललेले सगळे ऐकू येते. मला जे येते ते तिथे बसून आलेले आहे.

खाली डार्काचे काम चाले. ते काय होते, ते माझ्या बेताच्या बुद्धीला समजले तसे सांगते. माणसाच्या अंगात बारीक बारीक पेशी असतात. प्रत्येक पेशीत एक लांबलचक पोथी असते. अंग कसे घडवायचे ते सगळे तिच्यात लिहिलेले. पण सगळी पाने एकदम उघडली तर नाकाच्या जागी नख यायचे. म्हणून कोणते पान कधी उघडायचे हे ठरवणारी काही प्रथिने असतात. अशा एका प्रथिनाचा एक हात पोथीवर असतो, आणि दुसऱ्या हाताने ते आपल्या जोडीदार प्रथिनाला धरते. जोडीदार हाती लागला तरच पान उघडते. हा जो दुसरा हात, त्याच्यामागे डार्का अकरा वर्षे लागली होती. शास्त्रात त्याला भलेमोठे नाव आहे. आमच्या घरात त्याला ‘पंजा’ म्हणतात. हे नाव कोणाकडे बघून सुचले ते मी सांगायला नको.

त्या पंजात एक खाच आहे, जोडीदार त्या खाचेत बसतो, इथपर्यंत डार्काला ठाऊक होते. ती खाच दिसते कशी, तेवढे तिला बघायचे होते. पण एकटा पंजा कोणत्याही भिंगातून दिसत नाही. कोटी कोटी पंजे शिस्तीने रांगा धरून उभे राहिले, की त्यांचा साखरेच्या दाण्यासारखा स्फटिक होतो. तो गावाच्या टोकाला असलेल्या गोल इमारतीत न्यायचा. तिथे फार तेजस्वी क्ष-किरण आहेत. ते स्फटिकावर सोडले की ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांवरून हिशेब करत करत आकार बांधता येतो. सगळे अडायचे ते शिस्तीवर. पंजे रांगा धरत नसत. माझी अकरा पिल्लेसुद्धा त्यांच्यापेक्षा लवकर ऐकायची.

डार्काच्या कामाच्या इमारतीशेजारी नवे बांधकाम सुरू झाले. जमिनीत खांब ठोकायचे, आणि त्या धक्क्यांनी इकडे थेंब हलायचे. म्हणून तिने सगळ्यात नाजूक थेंब घरी, आमच्या तळघरात आणले. एका फळीवर बिटाच्या आणि शेपू घातलेल्या काकड्यांच्या बरण्या, खालच्या फळीवर काचेला उलटे टांगलेले माणसाच्या प्रथिनाचे थेंब. मी त्या दोन फळ्यांमधून रोज चालत असे. कधी बरणी हलली नाही, कधी थेंब डुचमळला नाही. मिशा दोन्ही बाजूंनी सांगत असतात, इथे जागा आहे, इथे नाही.

आणि मग डार्काला माझ्या मिशीचा दुसरा उपयोग सापडला. मित्रांनो, दुधाला विरजण लावतात ना, तसे नव्या थेंबाला जुन्या स्फटिकाचे विरजण लावतात. गळलेली मिशी आधी स्पिरिटने धुवायची, मग स्वच्छ पाण्यातून काढायची आणि वाळवायची. तिचे टोक जुन्या स्फटिकाला अलगद लावायचे. मिशीवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात, त्यांत स्फटिकाचे कण अडकतात. मग ते टोक नव्या थेंबातून एकदाच सरळ ओढायचे. नशीब असेल तर त्या रेघेवर नवे स्फटिक उगवतात. माझी मिशी कुठेही गळो, गादीवर, पायरीवर, सुपाच्या भांड्याशेजारी, डार्का ती उचलून एका काडेपेटीत ठेवायची. पाहुणे आले की पेटी उघडून दाखवायची. “ही माझी सगळ्यात जुनी सहकारी,” म्हणायची. “सुट्टी मागत नाही, मीटिंगला येत नाही.”

तीन वर्षांपूर्वी माझ्या मिशीने लावलेल्या विरजणातून दोन थेंबांत बारीक दाणे आले. एकात नुसता पंजा होता, दुसऱ्यात जोडीदाराला धरलेला पंजा. चित्र काढण्याजोगे ते दाणे मोठे नव्हते, पण विरजण म्हणून अस्सल होते. त्या दिवशी डार्काने स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन खिळे ठोकले. “एक मोकळ्या पंजाच्या चित्रासाठी, एक धरलेल्या,” ती मला म्हणाली. “दोन्ही शेजारी शेजारी लावल्याशिवाय खाच उघडते कशी ते कळायचं नाही.”

यंदाच्या जूनअखेर डार्का निवृत्त होणार होती आणि तिची प्रयोगशाळा बंद होणार होती. गोल इमारतीत शेवटची पाळी एप्रिलच्या वीस तारखेला मिळाली होती. अकरा वर्षे, दोन खिळे आणि एक तारीख. अशा वेळी डार्काच्या हाताखाली काम करायला या घरात वेंडेल आला.

तो वाईट नव्हता. सगळे भराभर करायचा, एवढेच. गेल्या शरदात आला आणि जानेवारीत त्याने एका थेंबात मुगाच्या दाण्याएवढा, आरशासारखा लखलखीत स्फटिक उगवून दाखवला.

“डार्का, आधी बसा,” तो म्हणाला. “मग बघा.”

डार्काने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. “सुंदर आहे. सुई टोचून बघ.”

“फुटेल ना.”

“फुटावा म्हणूनच टोचायची. पिठासारखा भुगा झाला तर आपला पंजा. कट् वाजलं तर मीठ.”

“एकुलत्या एकाला कोणी सुई टोचतं का? मी नेतो तिकडे. खात्री आहे माझी.”

“तुझ्या खात्रीला टोच मग सुई,” डार्का म्हणाली, पण तिच्याही तोंडाला पाणी सुटले होते. तिने मधाचा केक केला. वेंडेल स्फटिक घेऊन गेला आणि संध्याकाळी रिकाम्या चेहऱ्याने परत आला. चित्रावर मोजून नऊ ठिपके, एकमेकांपासून लांब लांब. मीठ. डार्काने केक कापला, त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, “खा. एवढं मीठ तर मी काकड्यांनाही घालत नाही.”

ती थट्टा त्याला लागली. तेव्हापासून तो हात धुवून कामाच्या मागे लागला. तळघर अस्ताव्यस्त आहे म्हणून त्याने ते झाडायला घेतले. फळीवर एक काडेपेटी दिसली, आत काड्या नाहीत, नुसते केस. त्याने ती फेकून दिली. माझी सहा वर्षांची कमाई घंटागाडीत गेली.

मग ती फेब्रुवारीची सकाळ. डार्का तिच्या मैत्रिणींबरोबर बर्फावर दगड सरकवायचा खेळ खेळायला गेली होती, जेवायच्या वेळेला यायची होती. ती परत येण्याआधी विरजण लावून दाखवायचे आणि मिठाचा डाग पुसायचा, असे याच्या मनात. पेटी शोधली. नाही. आपण काय फेकले ते तेव्हा त्याच्या ध्यानात आले. मग त्याला मी दिसले.

पुढचे सांगितलेच आहे. फक्त हे राहिले, की त्याने ती तिसरी मिशी धुतली नाही. बाहीला पुसली. माझ्या मिशीवर तेव्हा माझी लाळ होती, तेल होते आणि सकाळी खाल्लेला हेरिंग मासा होता. तशीच ती त्याने जुन्या दाण्यांच्या थेंबात घातली. आणि थेंब तरी कोणता? जोडीदारवाला. आधी मोठा मान मिळवायचा होता ना.

डार्का आली. “मिशी कुठून आणलीस?”

“खिडकीत पडलेली होती,” वेंडेल म्हणाला.

मी तिथेच होते. मी डार्काच्या पायात घुटमळले, ओरडले, डावा गाल तिच्या पोटरीवर घासला. ती म्हणाली, “भूक लागली हिला.” मित्रांनो, चौदा वर्षे एका घरात काढायची आणि खरे बोलल्यावर ताटलीत मासा मिळायचा, यासारखा संताप नाही. मी तो मासा खाल्ला, ती गोष्ट वेगळी.

तिसऱ्या दिवशी मी फळ्यांमधून जात होते. उजवीकडून जागा कळली, डावीकडून काहीच कळले नाही. बिटाची बरणी पडली आणि फुटली. चौदा वर्षांत पहिली. डार्का लाल पाणी पुसत म्हणाली, “म्हातारी झाली गं माझी हापका. आता तळघराचं दार लावून घ्यायला हवं.” आणि दार लागले. बाहेरच्या चटईवर बसून मी दाराची फट हुंगत राहिले. आत उभा असलेला माणूस डार्काला फडके पिळून देत होता.

पाचव्या दिवशी जोडीदारवाल्या थेंबावर साय धरली. आतले दाणे विरून गेले. डार्काने थेंब बघितला, मग बशीत उरलेल्या दोन मिशा चिमट्याने उचलून भिंगाखाली धरल्या. घाईत दार उघडेच राहिले होते. मी माझ्या सातव्या पायरीवर जाऊन बसले.

“ही खिडकीत पडली होती म्हणालास?”

“हो.”

“आपोआप?”

“हो, म्हणजे... हो.”

डार्काने खुर्ची मागे सरकवली. “ये, बघ इथे. गळलेल्या मिशीचं बूड सुकलेलं असतं. हिच्या बुडाला ओला गोळा आहे. आणि कडेला लाल दिसतंय ते काय आहे, बिटाचा रस?”

वेंडेलने पाहिले.

“मला वाटलं, तिला काय कळणार. तीन केस.”

“बरणी फुटली तेव्हा तिला काय कळतं ते तुला कळलं. तरी मी तिला म्हातारी म्हणत होते आणि तू माझ्याकडे फडकं पुढे करत होतास.”

“थेंब मी परत लावतो, डार्का. अजून वेळ आहे.”

“तीन वर्षं लागली होती तो उगवायला. माझ्याजवळ चार महिने आहेत.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. “आता एकच थेंब उरलाय, मोकळ्या पंजाचा. आणि मिशी एकही नाही. तू हिच्याजवळ बस. गळेल तेव्हा घे.”

“पण कधी गळेल?”

“तिला विचार.”

त्याने मला विचारले नाही. मांजरीला विचारायचे म्हणजे त्याला गंमत वाटली असावी. पण बसला मात्र. माझ्याखाली पांढरा अभ्रा पसरायचा, शेजारी स्वतः बसायचा, मांडीवर कॉम्प्युटर. मी उठले की अभ्रा घेऊन मागे यायचा. मी कपड्यांच्या कपाटात गेले तर कपाटात. गल्लीतल्या माझ्या नातींनी खिडकीतून ही वरात बघितली. मला लाज वाटली नाही. त्याला वाटावी एवढीच इच्छा होती.

पहिला आठवडा तो घड्याळ बघायचा. दुसऱ्या आठवड्यात माझ्याशी बोलू लागला. आई फोनवर रोज विचारते, पुढची नोकरी ठरली का. मिठाची गोष्ट सगळ्या इमारतीत पसरली. “कोणी माझ्यासमोर मीठ मागितलं तरी सगळे खोकतात गं,” तो म्हणाला. मी ऐकून घेतले. माफ केले नाही, पण ऐकून घेतले.

विसाव्या दिवशी मी त्याच्या गुडघ्याला गाल घासला आणि उजव्या बाजूची एक मिशी अभ्र्यावर गळली. गैरसमज नको, ती मी दिली नाही. तिची वेळ झाली होती. पण वेळ झाली तेव्हा तो तिथे बसलेला होता, हेही खरे.

त्याने ती दोन बोटांत अशी धरली, की श्वाससुद्धा दुसरीकडे सोडला. स्पिरिटने तीनदा धुतली, पाण्यातून तीनदा काढली, वाळेपर्यंत थांबला. मग उरलेल्या थेंबातल्या दाण्याला टोक लावले आणि बारा नव्या थेंबांतून एकेक रेघ ओढली. चौथ्या दिवशी रेघेवर स्फटिक उभे होते, दोऱ्यात मणी ओवावेत तसे.

“टोच,” डार्का म्हणाली.

वेंडेलने सुई उचलली आणि त्यातल्या सगळ्यात देखण्याला टोचली. आवाज आला नाही. पिठासारखा भुगा झाला. दोघेही त्या भुग्याकडे बघत राहिले. मीही पायरीवरून बघितले.

एप्रिलच्या वीस तारखेला ते गोल इमारतीत गेले. ठिपके आले, हजारो. मेच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पेरोगींची, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांची, ताटली बाजूला सारून, वेंडेलने कॉम्प्युटरवर पंजाचा आकार फिरवून दाखवला. खाच होती. पण ती मोकळी नव्हती.

“जोडीदार तर यात घातलाच नव्हता,” तो म्हणाला. “मग खाचेत हे कोण बसलंय?”

प्रथिन म्हणजे मण्यांची एक लांब माळच असते; डार्का बोट लावून तिचा एकेक मणी मोजत गेली. शेवटच्या टोकापाशी थांबली. मग तिने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिले. मी खुर्चीवर गोल पडले होते, शेपूट नाकावर घेऊन, थंडीच्या दिवसांत पडते तशी.

“शेपूट आहे,” ती म्हणाली. “स्वतःचंच शेपूट खाचेत घालून झोपलाय. म्हणून जोडीदार आल्याशिवाय पान उघडत नाही.” आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ती टेबलावर डोके टेकून हसली. हसता हसता तिने डोके वर केले. “पण जोडीदार हे शेपूट बाहेर कसं ओढतो? एका बाजूने की मुळापासून? ते दुसऱ्या चित्रात होतं.”

वेंडेलने कॉम्प्युटरचे झाकण लावले.

चित्र एका खिळ्यावर लागले. दुसरा खिळा तसाच राहिला. डार्काने तो काढलाही नाही. रोज सकाळी कॉफी पिताना ती आधी चित्राकडे बघते आणि मग खिळ्याकडे. मला ते बघवत नाही. मी खिडकीतून बाहेर बघते.

त्यांनी शास्त्राच्या मासिकात लेख लिहिला. त्यात माझ्याबद्दल किती आले, सांगू? दोन शब्द. ‘पशुजन्य तंतू’. चौदा वर्षे घर सांभाळले, अकरा पिल्ले वाढवली, आणि मी तंतू.

मित्रांनो, तुमच्या घरात मांजर असेल, कुत्रे असेल, एखादे जुने भांडे किंवा जुने माणूस असेल. ते गप्प बसते म्हणजे त्याला कळत नाही असे समजू नका. ज्याला जे द्यायचे असते ते त्याच्या वेळेला गळून पडते. तुम्ही फक्त जवळ असा, आणि हात स्वच्छ ठेवा. आणि मेहेरबानी करून काडेपेटी फेकण्यापूर्वी आत काय आहे ते विचारा.

जूनच्या शेवटच्या दिवशी वेंडेल निरोप घ्यायला आला. त्याला दूर समुद्राकाठी, हॅलिफॅक्सला काम मिळाले होते. तळघरातल्या फळीवर आता फक्त बिटाच्या बरण्या होत्या. माझा डावा गाल भरत आला होता. नव्या काडेपेटीत दोन मिशा जमल्या होत्या.

“डार्का,” तो दारात घुटमळत म्हणाला, “तिथे मी जोडीदारवाला थेंब पहिल्यापासून लावून बघणार आहे. वर्षं लागतील. ही पेटी नेली तर चालेल?”

“मला काय विचारतोस,” डार्का म्हणाली.

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. टोपी काढली. डार्का बघत असतानाही त्याला या वेळी गंमत वाटली नाही.

“हापका आजी,” तो म्हणाला, “तुमच्या मिशा मी नेऊ का?”

मी उठले, चारही पायांवर नीट उभी राहिले आणि त्याच्या तोंडावर, मोठ्याने, डार्कालाही ऐकू जाईल असे सांगितले. त्यांना काय ऐकू आले ते त्यांचे ते जाणोत.

“ने. पण हेच वाक्य फेब्रुवारीत बोलला असतास, वेंडेल, तर आज दुसरा खिळा रिकामा नसता.”